पाणघोड्यात कोण आहे?

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच आठवड्यात माझी नणंद जिन्यावरून पडली. हातात ट्रे, ट्रेमध्ये चहाचे कप. वरच्या पायरीवर तिचा डावा पाय हवेत गेला, चेहऱ्यावर 'अरेच्चा!' असे भाव आले, आणि ती बुडावर आपटत एकेक पायरी उतरून थेट माझ्या पायांशी येऊन थांबली. मी किंचाळले. सासूबाई भाजी चिरत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

"पडली का? पडू दे. कप फुटले असतील तर केर तिलाच काढायला सांग."

कप फुटले नव्हते. तिने ते ट्रेला चिकटवून ठेवले होते.

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक बारीक चाकं जागेवर बसवणारा माणूस, पण पोटच्या पोरीपुढे त्यांनी हात टेकले होते. "सगळ्या घड्याळांची किल्ली कधीतरी उतरते," म्हणायचे, "हिला कुणी दिलीय कोण जाणे." ती उभ्याने जेवायची, चालत वाचायची. फोनवर बोलताना गोल फिरत फोनची वायर स्वतःभोवती गुंडाळून घ्यायची आणि मग सोडवायला मला हाक मारायची, "वहिनी, ये ना गं!"

नोकऱ्यांचंही तेच. बालवाडीत शिकवायला गेली आणि मुलांना टेबलावरून उड्या मारायला शिकवलं म्हणून घरी आली. कळसूत्री बाहुल्यांच्या मंडळीत गेली, पण दोरी धरून पडद्यामागे नुसतं उभं राहणं जमेना. नवरा, म्हणजे तिचा दादा, चिडायचा. "काहीतरी एक धर ना!" ती म्हणायची, "धरलंय रे. ते हातात थांबत नाही."

एकाच ठिकाणी मात्र ती स्थिर बसायची. ग्रंथालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी जुने मूकपट दाखवायचे. तिथल्या फिल्मा सांभाळणारे एक गृहस्थ होते. जुनी फिल्म खराब व्हायला लागली की तिला व्हिनेगरसारखा वास मारतो, आणि तो वास त्यांच्या कपड्यांनाही कायम असायचा. भिंगरीने त्यांचं नाव व्हिनेगरकाका ठेवलं होतं आणि ते त्या नावाला ओ देत. मी एकदा तिच्याबरोबर गेले तेव्हा ही पोरगी दीड तास हातपाय न हलवता बसलेली पाहिली. फक्त तिचा चेहरा हलत होता. पडद्यावर जो जे करील ते तिच्या चेहऱ्यावर होत होतं.

त्या दिवशी लागला होता तो तिचा सर्वांत लाडका मूकपट. एका सहा वर्षांच्या मुलीची गोष्ट. बोटभर वेण्या, मोठ्या माणसाचा कोट, डोक्यावर न बसणारी टोपी. ती मुलगी काय पडायची! आधी डावा पाय हवेत, मग 'अरेच्चा', मग धपकन खाली, आणि सगळ्यांत शेवटी टोपी. माझ्या डोक्यात प्रकाश पडला: आमच्या जिन्यावरचं पडणं इथलं होतं तर. पुढे त्याच मुलीचा एक प्रसंग येतो. स्टेशनवर सामानाच्या ढिगावर ती एकटी बसलेली असते आणि गाडी निघून जाते. ती आधी नुसती बघत राहते. मग तिचा खालचा ओठ थरथरतो, आणि ती अशी रडते की हॉलमधल्या निम्म्या लोकांनी रुमाल काढले. मीसुद्धा.

"एवढ्याशा मुलीने असा अभिनय कुठून आणला असेल गं?" बाहेर आल्यावर भिंगरी म्हणाली. "मला हिला शोधायचंय."

मुलीचं नाव कुठे नव्हतं. पाटीवर नुसतं 'आणि एक बालिका' एवढंच. व्हिनेगरकाका म्हणाले, तिने दोनच मूकपट केले आणि पुढे काही पत्ता नाही. भिंगरीने वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्या रडण्यावर एक लेख लिहिला. लोकांना आवडला. मग जुन्या चित्रपटांवर ती अधूनमधून लिहायला लागली, उभ्या उभ्या, फ्रिजवर कागद ठेवून.

याच सुमारास तिला टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात काम मिळालं. काम होतं पाणघोड्याच्या आत शिरायचं. जाड स्पंजचा, जांभळ्या रंगाचा, ढब्बू नावाचा पाणघोडा. स्टुडिओतल्या दिव्यांखाली आत भट्टी पेटायची. बाहेरचं दिसायला ढब्बूच्या नाकपुड्यांएवढीच भोकं. चेहरा दिसणार नाही, आवाज दुसऱ्याचा, पाट्यांमध्ये नाव शेवटी आणि तेही पळत जाणारं. आम्हाला वाटलं, महिनाभर टिकेल. ती सहा वर्षं टिकली.

कारण त्या स्पंजच्या आत तिला हवं तसं पडता येत होतं. एवढं अवजड जनावर डावा पाय हवेत टाकून, आश्चर्याने थबकून बसकण मारायचं, आणि मग त्याची इवलीशी टोपी घरंगळायची. घराघरांतली मुलं लोळायची हसून. माझी स्वतःची लेक ढब्बू लागला की घास तोंडात तसाच ठेवायची. घास गिळवायला मला जाहिरातींची वाट बघावी लागे. आत आत्या आहे हे तिला ठाऊक नव्हतं. भिंगरीची तशी सक्त ताकीद होती. मुलांसमोर मुंडकं काढायचं नाही, हा त्या धंद्यातला पहिला नियम.

एक दिवस स्टुडिओत फोन आला. म्हाताऱ्या बाईंचा, खणखणीत आवाज.

"तुमच्या त्या पाणघोड्यात कोण आहे?"

फोन घेणाऱ्याने नेहमीचं उत्तर दिलं, की ढब्बूच्या आत ढब्बूच आहे.

"मला शहाणपण शिकवू नका. आत जे कुणी आहे ते माझं पडणं पडतंय. त्याला म्हणावं, मला येऊन भेट."

भिंगरीला निरोप मिळाला. घरी येऊन तिने सगळ्या खोल्यांतून फेऱ्या मारल्या. "वहिनी, तू चल माझ्याबरोबर. मी एकटी गेले तर दारातूनच पळून येईन."

बाई तरणतलावामागच्या दोन खोल्यांत राहत. त्या आयुष्यभर मुलांना पोहायला शिकवत आल्या होत्या. त्या भागातल्या दोन पिढ्या त्यांना 'पोहण्याच्या बाई' म्हणत होत्या. उंच, ताठ, आखूड कापलेले पांढरे केस. घरभर क्लोरीनचा वास आणि दोरीवर वाळत घातलेले पोहण्याचे कपडे. नातवाबरोबर टीव्ही बघताना त्यांनी ढब्बूला पडताना पाहिलं होतं.

भिंगरी येरझाऱ्या घालायला लागली तशा त्या म्हणाल्या, "बस."

"मी उभीच बरी..."

"बस म्हटलं ना."

आणि आमची भिंगरी बसली! सासरे तिथे असते तर त्यांनी त्या बाईंचे पाय धरले असते.

मग ती सुटलीच. आपण तो मूकपट किती वेळा पाहिला, कुठला पाय आधी, टोपीला दोरा होता की नुसतीच ठेवलेली. बाईंनी सगळी उत्तरं दिली. दोरा नव्हता, मान झटकायची. खुशीत होत्या. उठून उभं राहून त्यांनी मान कशी झटकायची तेही दाखवलं. शेवटी भिंगरीने विचारलं, "आणि ते स्टेशनवरचं रडणं? ते कसं केलंत?"

बाई खाली बसल्या.

"ते मी केलं नाही."

"म्हणजे?"

"मला सांगितलं, तुझी आई त्या गाडीत बसून गेली. तू हट्ट करतेस म्हणून कंटाळून गेली. परत येणार नाही. आणि गाडी खरोखरच निघाली होती. मी सहा वर्षांची. मला काय कळणार, चित्रीकरणाचं यंत्र फिरतंय ते? रडून रडून मला ओकारी झाली, तेव्हा थांबवलं. मग सामानाच्या मागून माणसं बाहेर आली, टाळ्या वाजवत. आईपण त्यांच्यात होती. आई टाळ्या वाजवत होती."

बाई उठून दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागल्या.

"त्यानंतर आई कोपऱ्यावरच्या दुकानात गेली तरी मी दारात बसून राहायचे. मोठी झाल्यावरसुद्धा तिच्याशी माझं कधी धड जमलं नाही." त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. "पडणं माझं होतं. तुला आवडलं, बरं वाटलं. रडण्याचं कौतुक नको करूस."

निघताना त्या आम्हाला तलावापाशी घेऊन गेल्या. एका मुलाला त्यांची सून पोहायला शिकवत होती. "लोक मुलांना 'सोडणार नाही' म्हणतात आणि सोडतात," बाई म्हणाल्या. "मुलं पोहायला शिकतात, खरं आहे. मी कधी तसं केलं नाही. सोडते म्हणून सांगायचे, मगच सोडायचे. माझ्याकडची मुलं उशिरा शिकली."

त्या दिवसापासून भिंगरीच्या जिवाला चैन नाही. आधीची अस्वस्थता निदान आनंदाची होती, ही वेगळी. तिच्या त्या लेखाचं कात्रण सासऱ्यांनी दुकानात काचेखाली लावलं होतं, ते तिने काढून आणलं. ग्रंथालयात तिचं त्या मूकपटावर व्याख्यान ठरलं होतं, तिने ते रद्द केलं. माझ्यावरही डाफरायला लागली. मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त काढते. लहान मुलांना म्हणते, "काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल."

"तूही खोटं बोलतेस," ती म्हणाली.

"मग काय सांगू? दुखेल म्हणून? हात धरू देतील का मला?"

त्या संध्याकाळी आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

आणि नेमकं तेव्हाच कार्यक्रमाचा शेवटचा भाग आला. नवा कार्यक्रम यायचा होता, ढब्बूला निरोप द्यायचा होता. दिग्दर्शक तसा भला माणूस, मुलांच्या खिशात चॉकलेटं कोंबणारा. पण त्याला शेवट असा हवा होता की बघणाऱ्यांच्या काळजात कालवाकालव व्हावी. कार्यक्रमात पुढचे दोन दात पडलेली एक लहानगी होती, ढब्बूची खास मैत्रीण. चित्रीकरणाच्या आधी दिग्दर्शक तिच्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "ढब्बू आजारी आहे, माहितीये? आज तू त्याला शेवटचं भेटतेस. तो आता कध्धी उठणार नाही."

भिंगरी पाणघोड्याच्या आत, पाच हातांवर. नाकपुडीच्या भोकातून तिला त्या मुलीचा चेहरा दिसत होता. पुढचं तिनेच मला सांगितलं. मुलगी आधी नुसती बघत राहिली. मग तिचा खालचा ओठ थरथरला. "वहिनी, तोच ओठ गं. अगदी तोच."

कॅमेरा सुरू झाला आणि भिंगरीने ढब्बूचं मुंडकं काढलं.

मला सांगायला आवडलं असतं की मुलगी हसली. पण तसं झालं नाही. तिने असा टाहो फोडला की बाहेरचा पहारेकरी धावत आला. ढब्बूचं डोकं तुटलं होतं आणि मानेतून घामाने थबथबलेली एक बाई बाहेर आली होती! कार्यक्रम बघायला बसलेल्या साऱ्या मुलांनी गळे काढले. आया धावल्या. दिग्दर्शक डोकं धरून ओरडत होता, "अगं बाई, काय केलंस हे?"

भिंगरी मटकन खाली बसली. मुंडकं मांडीवर घेऊन म्हणाली, "मी होते. आत मीच होते. ढब्बूला काही झालेलं नाही."

त्या मुलीचा हुंदका ओसरायला बराच वेळ लागला. मग ती जवळ आली. मुंडक्यात हात घालून म्हणाली, "ओलं आहे."

"घाम येतो ना."

"आत अंधार असतो?"

"असतो."

"तुला भीती वाटायची?"

"पहिल्यांदा वाटली होती."

मुलीने विचार केला. "पण मग तू सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली. एवढं विचारून ती आईकडे गेली आणि पुन्हा भिंगरीकडे काही आली नाही.

काम गेलंच. मुलांच्या कार्यक्रमांच्या दुनियेत तिचं नाव झालं: मुंडकं काढणारी. कुणी दारात उभं करीना. सासूबाई म्हणाल्या, "एक पोर रडायची ती वाचवायला गेली आणि वीस रडवून आली." त्या चेष्टेने म्हणाल्या होत्या, पण भिंगरीला ते लागलं. ती पलंगावर पडून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती हलत नव्हती आणि घरातलं कुणी धड झोपत नव्हतं. सासरे दुकानातून येऊन तिच्या पायांशी बसायचे. एरवी कटकटणारा दादा तिच्या खोलीच्या दारापर्यंत जायचा आणि परत फिरायचा.

तिला उठवलं व्हिनेगरकाकांनी. त्या मूकपटाची रिळं साफ करताना एका वेगळ्या डब्यात त्यांना स्टेशनच्या प्रसंगाचा न कापलेला तुकडा सापडला होता. दाखवायच्या प्रतीत रडण्यावरच दृश्य संपतं. या तुकड्यात यंत्र आणखी थोडा वेळ फिरत राहिलं होतं.

भिंगरीने तो आधी पाहिला आणि तडक बाईंकडे गेली. दाखवावा की नाही, यावर तिचं आणि काकांचं रस्त्यातच भांडण झालं. काका म्हणत, "बाईंना या वयात कशाला त्रास?" ती म्हणाली, "काका, त्यांच्यापासून आता आणखी काही लपवायचं नाही."

बाई आल्या. सुनेला घेऊन, पोहण्याच्या चपला घालूनच. हॉलमध्ये आम्ही पाचच माणसं. पडद्यावर मुलगी रडली. आणि मग, कापलेल्या प्रतीत कधीच न दिसलेली एक तरुण बाई डावीकडून धावत आत आली. एका माणसाने तिचा दंड धरला, तिने तो हिसडला, त्याने पुन्हा धरला. ती वाकून मुलीकडे हात पसरत होती, तोंड उघडं, काहीतरी ओरडत. मूकपट. काय ओरडत होती ते ऐकू येण्याची सोय नाही. मागून माणसं टाळ्या वाजवत आली. त्या बाईच्या हातांनी टाळ्या वाजवलेल्या दिसल्या नाहीत. तिचे हात मोकळेच नव्हते.

तुकडा संपला. बाई म्हणाल्या, "परत लावा." काकांनी परत लावला. आणि परत.

आम्हाला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. बाई उठल्या त्या संतापूनच. "आणि हे मला आज दाखवता? ती गेली त्याला किती वर्षं झाली! मी तिला शेवटपर्यंत... " वाक्य तिथेच सोडून त्या निघून गेल्या. भिंगरी मागे धावली. सुनेने हाताने थांबवलं.

बरेच दिवस काही कळलं नाही. भिंगरी तलावाच्या बाहेरून चकरा मारून यायची, आत जायची हिंमत होत नव्हती. मग एका सकाळी बाईच आमच्या दारात उभ्या राहिल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "माझ्यासारखी आणखी मुलं असतील त्या काळातली. शोध त्यांना. पण नुसतं किती छान रडली ते लिहू नकोस. विचार त्यांना."

आणि भिंगरी निघाली. मिळेल त्या गाडीने, पिशवीत टेपरेकॉर्डर आणि कपड्यांचा एक जादा जोड घालून. म्हाताऱ्या झालेल्या बालकलाकारांना ती शोधत फिरली. कुणी शिंपी झालेलं, कुणी न्यायाधीश, एक जण वृद्धाश्रमात, बाकी सारं विसरलेले आणि एका घोड्याचं नाव तेवढं आठवणारे. काहींनी दार लावून घेतलं. काहींना ते दिवस आयुष्यातले सर्वांत सुखाचे वाटत होते, आणि तेही तिने तसंच लिहिलं. मधेच पोटासाठी शाळांमधून मुलांना पडायला शिकवायची. गाद्या टाकायच्या, जुना मूकपट दाखवायचा, मग सगळ्यांनी पडायचं. बाई दोनदा आल्या. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंनी गादीवर डावा पाय हवेत टाकला तेव्हा त्यांच्या सुनेने डोळे मिटून घेतले. मुलांनी हॉल डोक्यावर घेतला.

पुस्तक यायला इतकी वर्षं लागली की ते बघायला बाई राहिल्या नाहीत. सासरेही नाहीत. शेवटचं प्रकरण तिने फाडलं, लिहिलं, फाडलं. त्या दोन दात पडलेल्या मुलीने विचारलेल्या प्रश्नावर ते होतं. अखेर ते छापलंच नाही. "उत्तर येत नाही," म्हणाली.

पुस्तकामुळे तिला एक वेगळंच काम मिळालं. आता चित्रीकरणाला लहान मुलं असली की काही दिग्दर्शक तिला बोलावतात. मुलांशेजारी बसायचं, काय चाललंय ते त्यांना खरंखरं सांगायचं. परवा एकाचा फोन आला. मी शेजारीच होते, डाळ निवडत. "ताई, पोरगी रडतच नाही हो," तो काकुळतीने म्हणत होता.

"मग नको रडू दे," ही म्हणाली. "कॅमेरा तिच्या पाठीमागे लाव. तिला सांग, जोरात पळून आलीस तसे श्वास घे. खांदे हलतात. बाकीचं बघणारे आपापलं करतात." तिने माझ्या ताटातला एक खडा उचलून टाकला. "आणि हो, कशासाठी ते तिला सांग."

पुस्तक निघालं त्या समारंभातलं मात्र सांगायचं राहिलं. लोक सह्यांसाठी रांग लावून होते. तिला खुर्चीवर बसवलं होतं. अर्धी रांग झाली नाही तोच ती उठून उभी राहिली. मी दटावलं, "अगं, बस की जरा! एवढं मोठं काम झालं. आता तरी निवांत हो."

"वहिनी," ती हॉलच्या दाराकडे बघत म्हणाली, "त्या सगळ्या मूकपटांत कुत्री होती. किती छान काम करायची. त्यांना काय सांगितलं असेल गं? त्यांचे मालक, मालकांची नातवंडं, कुणीतरी असेलच ना?"

दादाने कपाळाला हात लावला. रांगेतल्या एका बाईंनी सहीसाठी पुस्तक पुढे केलं तेव्हा पेन टेबलावर होतं आणि लेखिका व्हिनेगरकाकांच्या जागी आता फिल्मा सांभाळणाऱ्या त्यांच्या मुलाला गाठायला गर्दीत शिरली होती.